जाळी माझीच होती

आज धानाची गोष्ट आहे, पण सुरुवात घुबडापासून.

ऑक्टोबरात धान लोंबीवर आलं की आपल्याकडे डुकरं उतरतात. गोसीखुर्दच्या या भागात एका अंगाला वैनगंगा, दुसरीकडे कऱ्हांडल्याचं जंगल. मागच्या साली मी तीन बांध्यांच्या धुऱ्यावर नायलॉनची जाळी बांधली. स्वस्त पडते.

एका सकाळी जाळीत गव्हाणी घुबड गुंडाळलेलं दिसलं. पांढरं तोंड, डावा पंख लोंबलेला. रात्री उंदरामागं खाली आलं असेल. विळ्यानं जाळी कापली, गमछात गुंडाळून घरी आणलं. शेजारचे काका दारातूनच म्हणाले, "घुबड घरात काहून आणलंस बाप्पा? सोड नदीकाठी." बायकोलाही ते पटत होतं.

वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन केला. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, अंधारात ठेवा, तोंडात दूध-पाणी ओतू नका, असं सांगितलं. (मी वाटीभर दूध घेऊन तयारच होतो.) वनरक्षक आले. त्यांच्यासोबत मीही भिवापूर-उमरेडमार्गे नागपूरला गेलो, सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला. जखमी वन्यप्राणी-पक्ष्यांचा तो दवाखानाच आहे. संक्रांतीला मांजानं कापलेले पक्षी इथंच येतात.

मला वाटलं होतं, पिंजरे पाहायला मिळतील. पण आत कोणाला जाऊ देत नाहीत. माणूस दिसला की जंगली जनावर घाबरतं, आणि लळा लागला तर परत सोडता येत नाही. खोका आत गेला, मी बाकावर बसलो. मग डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. एक्स-रे काढला होता, हाड मोडलेलं. त्यांनी विचारलं, "कशात अडकलं होतं?"

वनरक्षक शेजारीच उभे. रस्त्यात सापडलं म्हणून सांगता आलं असतं. जीभ जड झाली, पण सांगितलं, "जाळी माझीच होती." त्यांनी लिहून घेतलं. रागावल्या नाहीत. त्यानं जास्तच लागलं मनाला.

असं घुबड रात्रीला दोन-तीन उंदीर सहज खाते. आणि मी धान गर्भात असताना उंदरांसाठी विषाच्या गोळ्या टाकत होतो, पैसे देऊन!

महिन्याभरानं फोन केला. हाड जुळलं होतं, पण मोठ्या पिंजऱ्यात नीट उडत नव्हतं. नीट उडाल्याशिवाय सोडत नाहीत. परत फोन करायची हिंमत अजून झाली नाही.

जाळी काढली. दोन धुऱ्यांना सोलर झटका लावला, तिसऱ्यापुरते पैसे नव्हते. तिकडून डुकरं आलीच, अर्धी बांधी लोळवली. बायको अजून ऐकवते.

मलेशियात तेलताडाच्या मळ्यांत उंदरांसाठी गव्हाणी घुबडांच्या लाकडी पेट्या लावतात. आपल्या धानात कोणी लावून पाहिली का? किती उंचीवर, तोंड कोणत्या दिशेला? कृषीवाल्या साहेबांनीही सांगावं. उन्हाळ्यात सुताराकडे दोन करून घ्यायच्या आहेत.