मुंबई ते नागपूर

मुंबई-नागपूर हे अंतर रेल्वेने सुमारे ८४० किलोमीटर, तर सरळ रेषेत जेमतेम ७००. नुसता भागाकार केला तर विमानाला तासही लागू नये. पण चढण्या-उतरण्यात वेळ जातो, म्हणून दीड तास धरायचा.

१९८४ साली आई गंभीर असल्याची तार आली. रात्रीची गाडी धरली. सकाळी नागपूरला उतरलो तोवर सगळं आटोपलं होतं. पुढे वर्गात काळ-वेगाची गणितं शिकवताना ती रात्र हटकून आठवायची.

आता माईआक्का तिथे एकटीच असते. ‘दीड तासाचं तर अंतर, कधीही जाऊ’ म्हणता म्हणता तीन वर्षं गेली. विमान लवकर पोचवतं हो, पण घरातून निघायचं आपल्यालाच असतं. काल तिकीट काढलं.