काकांची रेसर

महापे येथील आमच्या गाळ्याच्या माळ्यावर, रिकाम्या खोक्यांच्या थप्पीमागे, एक सायकल सोळा वर्षे टांगलेली होती. मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल, अरुंद चाके, आणि फ्रेमवर असलेले नाव पुसून गेलेले. ऐंशीच्या दशकात माझ्या धाकट्या काकांनी ती मोठ्या हौसेने घेतली होती. मुंबई–पुणे सायकल शर्यतीच्या दिवशी ते पहाटेच खोपोली गाठत आणि बोरघाट चढणाऱ्या स्पर्धकांना डोळे भरून पाहत. स्वतः मात्र शर्यतीत कधी उतरले नाहीत. दुकानाच्या वेळेत असला नाद आजोबांना खपणारा नव्हता.

पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या. गाळा आमच्याकडे आला, काकांनी ऐरोलीस स्वतंत्र व्यवसाय मांडला. मने तापलेली असतानाच एकदा त्यांनी दूरध्वनीवर मला विचारले, “माझी रेसर आहे का रे अजून?” मी उत्तरलो, “ती भंगारात गेली, काका.” हे बोलताना मी त्याच सायकलीखाली बसलो होतो. त्यानंतर दरवर्षी संवत्सरीला मी त्यांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत आलो. ते एक वाक्य मात्र त्या क्षमेत कधी धरले नाही.

गेल्या चातुर्मासात माल लावताना खोकी हलली आणि ती पुन्हा दिसली. टेम्पोत घालून मी ती घरी आणली. मुलगा म्हणाला, “पप्पा, त्यांना नवीच घेऊन द्या ना.” त्याचा हिशेब व्यापारी म्हणून चुकीचा नव्हता. परंतु मी खोटे बोललो होतो ते या सायकलीविषयी. म्हणून दोन गोष्टी ठरवल्या : काम स्वतःच्या हातांनी करायचे आणि खर्च २,५०० रुपयांच्या आत ठेवायचा. वहीत एक पान उघडले.

पहिलाच रविवार फुकट गेला. उजवे पायडल सहज निघाले, डावे जागचे हलेना. पान्याला लोखंडी नळी जोडून जोर लावला, तळहाताची साल निघाली. कोपरखैरण्याच्या एका वृद्ध कारागिराने सांगितले, “शेठ, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. तुम्ही ते सोडवत नाही, आवळताय.” पायडल मारताना ते आपोआप सैल होऊ नये म्हणून ही योजना असते. उलट दिशेने फिरवताच ते दोन झटक्यांत निघाले.

गंजासाठी स्वयंपाकघरातलीच वस्तू उपयोगी पडली. फरसाणात घालतो ती लिंबाची फुले कोमट पाण्यात विरघळवून सुटे भाग रात्रभर बुडवून ठेवले, सकाळी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून पुसून कोरडे केले. रात्री पाणी उघडे राहू नये म्हणून आईने त्या टबावर परात झाकली. तिने त्या कामात घेतलेला हा पहिला भाग. रिमवरील गंजाचे ठिपके ओल्या अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलने घासून गेले.

बेअरिंगच्या ग्रीसपाशी मन थोडे अडखळले. जुन्या काळी अशा वंगणात जनावरांची चरबी सर्रास वापरली जाई. चौकशीअंती कळले की, सामान्यतः मिळणाऱ्या लिथियम ग्रीसला घट्टपणा आणणारा साबण मुख्यत्वे एरंडेलापासून मिळणाऱ्या आम्लाचा असतो. जगात सर्वाधिक एरंडी आपल्या देशात पिकते आणि तीही मुख्यतः गुजरातेत. आमच्या आजोबांनी पालनपूरकडे एरंडीचाच व्यापार केला होता. आईला हे सांगितले तेव्हा ती नुसती हसली. मागच्या चाकाच्या हबमध्ये पाव इंची गोळ्या, प्रत्येक बाजूस नऊ, मी त्या ग्रीसमध्ये एकेक करून बसवल्या. दहावी बसेल इतकी जागा दिसते, बसवू नये.

सीटचा प्रश्न अधिक अवघड होता. ती चामड्याची होती, आजीने तिच्यावर कॅनव्हासची खोळ शिवली होती. चामडे मऊ करण्याचे पारंपरिक तेल गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढतात, तेव्हा तो मार्ग बंदच होता. शेवटी रेक्झिनची साधी सीट घेतली आणि आजीची खोळ टाके उसवून तीवर चढवली. थोडी ढगळ बसली.

टायरांसाठी मात्र चार फेऱ्या झाल्या. जुनी चाके २७ इंची, त्यांच्या रिमवर टायर बसतो तो व्यास ६३० मिलिमीटर. हल्ली सर्वत्र मिळणारे सातशे मापाचे टायर ६२२ चे. नावावरून ते मोठे वाटतात, प्रत्यक्षात लहान. एका दुकानदाराने “बसेल हो” म्हणून दिलेला टायर आठ मिलिमीटरने हरला. योग्य जोडी ट्यूबसह १,२४० रुपयांना मिळाली. साखळी चोवीस कड्यांत मोजली. बारा इंच हवी, ती पाव इंच अधिक भरली, म्हणून बदलली. कॉटर पिना, ब्रेकच्या वायरी, रबरे, रिमचा बाक काढण्याची मजुरी धरून पानावर बेरीज आली २,४००.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. ठाणे–बेलापूर मार्गावरून चालवत नेण्याचा धीर झाला नाही. सायकल टेम्पोतच नेली. काका दारात आले. मी म्हणालो, “काका, ही भंगारात गेली नव्हती. मी खोटं बोललो होतो. मिच्छामि दुक्कडम्.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. आजीच्या खोळीवरून हात फिरवला, ढगळ कोपरा चिमटीत धरला, मागचे चाक उचलून फिरवले आणि ते थांबेपर्यंत ऐकत उभे राहिले. मग पुढच्या टायरवर अंगठा दाबून म्हणाले, “हवा कमी आहे. आत ये, पंप माळ्यावर असेल.”