मुलांचीं चित्रें आणि आमची कात्री

दर रविवारीं सकाळीं आमच्या ओसरीवर आठदहा चिमुकलीं मुलें जमतात. त्यांस आम्ही चित्रकला शिकवितों, अशी आळींत आमची ख्याति आहे. वस्तुतः आम्ही शिकवीत कांहींच नाहीं. सामान तेवढें मांडून ठेवितों. विकतच्या रंगपेट्या पहिल्याच महिन्यांत बाजूस सारल्या, कारण रंग संपेल या धास्तीनें मुलें कागदास कुंचला लावीतनाशीं झालीं. त्यांच्या जागीं गेरू, कोळसा, नीळ व हळद आली. भेंडी आडवी कापून तिचा ठसा उमटविला कीं फूल तयार! हळदीच्या पाण्यांत एका चिरंजीवांनीं चुन्याची निवळी ओतली; पिवळ्याचें क्षणांत तांबडें झालेलें पाहून जो कल्लोळ उसळला, त्यानें शेजारची वामकुक्षी मोडली.

हा मार्ग आमच्या आधीं पुष्कळांनीं चोखाळलेला आहे. मोठ्यांची नक्कल न गिरवितां मुलांनीं स्वतःचें चित्र काढावें, म्हणून फ्रान्झ सिझेक यांनीं १८९७ सालीं व्हिएन्ना येथें मुलांचा वर्ग काढला. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस बालशिक्षणाचें जें कार्य आरंभिलें, त्यांतही महागड्या साधनांऐवजीं भोवतालच्या साध्या वस्तूंवर भर होता. हें सर्व आम्ही वाचलें होतें. वाचूनही जें केलें, तें सांगावयाचें आहे.

गेल्या दिवाळींत आम्ही मुलांच्या चित्रांचें प्रदर्शन मांडलें. पाहुणे येणार, तेव्हां चित्रें नीटनेटकीं दिसावींत, ही आमची हौस. एका पांच वर्षांच्या मुलीनें भेंडीच्या ठशांची सुरेख बाग केली होती. परंतु वरचा अर्धा कागद तिनें कोळशानें घासघासून पार काळा करून टाकला होता. कागद एके ठिकाणीं फाटलाही होता. आम्ही कात्री घेतली, काळा भाग कापून काढला, आणि उरलेली बाग पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीच्या मध्यभागीं, मोठ्या माणसांच्या डोळ्यांसमोर येईल अशी लाविली. सर्वांनीं तिचीच वाखाणणी केली.

ती मुलगी मात्र चित्र शोधीत हिंडत होती. आम्ही तिला उचलून दाखविलें. तिनें पुष्कळ वेळ पाहिलें आणि विचारलें, "काका, माझी रात्र कुठं गेली?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तिची आई हंसून म्हणाली, "अगं, काकांनीं छान केलंय!" हें तर अधिकच झोंबलें. पाहुणे गेल्यावर केराच्या टोपलींत हात घालून तो तुकडा आम्ही शोधला. सांपडला, पण त्यावर कुणीतरी चहाची भुकटी ओतली होती.

त्यानंतर चित्रें मुलांच्या उंचीला, दोरीवर टांचण्यांनीं लागतात. कोणतें लावायचें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. परिणामीं ओसरींत वांकून चालावें लागतें, आणि एका गृहस्थांनीं, मुलाची प्रगति दिसत नाहीं म्हणून, त्याला दुसऱ्या वर्गांत घातलें. ती मुलगी अजून येते. कागद पुरा होतांच ती तो स्वतःच दोरीला लाविते, आणि लावून झाल्यावर, आमची कात्री कोठें आहे, तें एकदां पाहून घेते.