रिपोर्ट हातात आला तेव्हा

"शनिवार-रविवारी दोन पेग, त्यावर थेंब नाही." दादाचं हे म्हणणं घरात कोणालाच पटत नव्हतं, आणि खोटं ठरवायला हातात काही नव्हतं. आम्ही मूळचे बेळगावचे; दादा बंगळुरात, पीण्या या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात कामाला. शेवटी त्याला होसूर रोडवरच्या निम्हान्समध्ये, व्यसनमुक्तीच्या ओपीडीत नेलं.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. किती घेता, सकाळी उठल्यावर लागते का, असे प्रश्न विचारले आणि रक्त तपासायला पाठवलं. जीजीटी, म्हणजे यकृताचं एक एन्झाइम, चारशेच्या वर निघालं. ते पन्नास-साठच्या आत हवं. तांबड्या पेशींचा आकार सांगणारा एमसीव्ही १०६. तो शंभराच्या आत असावा. आणखी दोन एन्झाइमांपैकी एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त. डॉक्टर कानडीत शांतपणे म्हणाले, "खरं प्रमाण कळलं तर औषध नीट ठरवता येईल. रोजची एकदम बंद केली तर फिट येऊ शकते." दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रोज हाफ लागते." आजवर कुणी त्याला खरं बोलण्याचं असं कारण दिलंच नव्हतं. आम्ही फक्त जाब विचारत होतो.

तो भरती झाला, सुटून घरी आला. महिन्याभरानं पुन्हा रक्त तपासलं. जीजीटी खूप उतरलं होतं, पण एमसीव्ही १०५. वहिनी रडवेल्या आवाजात म्हणाली, "भावजी, हे चोरून पितायत." त्या रात्री घरात कोणी धड जेवलं नाही.

ओपीडीत उलगडा झाला. दारू सुटली की जीजीटी काही आठवड्यांत खाली येतं. तांबडी पेशी मात्र साधारण १२० दिवस जगते; जुन्या मोठ्या पेशी जाऊन नव्या येईपर्यंत एमसीव्ही उतरत नाही. शिवाय आमचं घर शाकाहारी. बी-१२ कमी असलं तरी पेशी मोठ्या होतात, आणि दादाचं बी-१२ खरोखरच कमी निघालं. जीजीटीचंही तसंच: फॅटी लिव्हर, मधुमेह, फिटची काही औषधं यांनीही ते वाढतं. पीईटीएच नावाचा घटक मात्र शरीरात दारू गेल्यावरच तयार होतो आणि रक्तात दोन ते चार आठवडे सापडतो. लघवीतल्या ईटीजी या घटकावरून मागच्या दोन-तीन दिवसांचं कळतं. "पण त्या तपासण्या करायच्या तर यांना विचारून," डॉक्टर दादाकडे बघत म्हणाले. मला ते शंभर टक्के पटलं. चोरून केलेल्या तपासणीनं सुधारत आलेला माणूस पुन्हा घरापासून तुटतो.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: असा रिपोर्ट घरी आला तर एका आकड्यावरून माणसाला दोषी ठरवू नका. त्याला सोबत घेऊन डॉक्टरांपुढे बसा. कुठे जावं कळत नसेल, तर १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा निःशुल्क हेल्पलाइन क्रमांक आहे.