खालचा पंख

अल्बाट्रॉस डी-थ्री या पहिल्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानाचं किट उघडल्यावर जाणकार मॉडेलकार आधी खालचा पंख हातात घेतो. वरच्या पंखापेक्षा तो बराच अरुंद असतो आणि दोघांना जोडणारे खांब व्ही आकाराचे. ही रचना फ्रेंच न्यूपोर विमानावरून उचललेली. वैमानिकाला खालचं मोकळं दिसे, पण अरुंद पंखात मुख्य लाकडी वासा एकच मावला, तोही बराच मागे. भरधाव सूर मारताना पंख पिळला जाई आणि मोडे.

नामवंत जर्मन वैमानिक मान्फ्रेड फॉन रिश्टहोफेनच्या विमानाचा हाच पंख २४ जानेवारी १९१७ रोजी हवेत तडकला. रिश्टहोफेन जेमतेम सुखरूप उतरला. तरीही त्या एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या अरासच्या आकाशात ब्रिटिश वैमानिकांना सर्वाधिक धास्ती होती ती अल्बाट्रॉसचीच.

किटमधलं सर्वांत रंगतदार काम म्हणजे धड. मूळ धड प्लायवूडचं. मॉडेलकाराने प्लास्टिकवर लाकूड उमटवायचं. आधी फिकट पिवळसर थर द्यायचा, मग मास्किंग टेप लावून प्रत्येक फळीला किंचित वेगळी छटा. त्यावर तपकिरी ऑइल पेंट जवळपास कोरड्या ब्रशने लांबीच्या दिशेने ओढायचा आणि शेवटी नारिंगी झाक असलेलं पारदर्शक व्हार्निश. रेषा ठळक आल्या की भ्रम मोडतो, कारण १/४८ प्रमाणात खऱ्या लाकडाच्या रेषा दिसणारच नाहीत इतक्या बारीक होतात. म्हणून कसलेला हात रंग लावतो त्याहून जास्त पुसतो.

मग जोडणी.

नऊ मीटरचा वरचा पंख इथे १९ सेंटीमीटरचा होतो. तो बसला की कॉकपिटजवळ ब्रश पोहोचत नाही. म्हणून इंजिन, बंदुका, डिकल्स सारं आधीच उरकावं लागतं. गोंद वाळेपर्यंत पंख समांतर राहावेत यासाठी कित्येकजण लेगोच्या विटांचा साचा रचतात. पंखांना ताण देणाऱ्या तारांसाठीची भोकं रंगापूर्वीच पाडून ठेवायची. नंतर त्यांत लवचिक धागा ओवून सुईच्या टोकाने सुपरग्लूचा थेंब टेकवायचा.

पुढच्या डी-फाइव्ह विमानांतही पंखाचं दुखणं सुटलं नाही. तेव्हा व्ही खांबाच्या तळापासून पंखाच्या पुढच्या कडेपर्यंत एक छोटी टेकणकाडी जोडण्यात आली. ही काडी का लागली, हे डी-थ्रीचा पंख स्वतः जोडणाऱ्याला सांगावं लागत नाही.

दोन पंखी मॉडेल प्रथमच करू पाहणाऱ्यांनी अल्बाट्रॉसच निवडावं. तारा मोजक्या आहेत, खांब कमी आहेत आणि लाकूड रंगवण्याची विद्या पुढच्या प्रत्येक मॉडेलला उपयोगी पडते.