बुधवारचं माहीम

बुधवार, नोव्हेना प्रार्थनेचा दिवस. सेंट मायकल चर्चबाहेर मेणाची घरं, हात-पाय, तान्ही बाळं विकायला मांडलेली. ज्याचा जसा नवस, तसा आकार. रांगेत सगळ्या धर्मांची माणसं. शेजारच्या काकूंनी लेकासाठी मेणाचं घर वाहिलं आणि येताना शीतळादेवीला नारळही ठेवला. त्यांच्या श्रद्धेला दोन्ही दारं सारखीच, आणि मला याचं फार अप्रूप वाटतं.

डिसेंबरात इथल्या दर्ग्यात सूफी संत मखदूम अली माहिमींचा उरूस. पहिली चादर मुंबई पोलिसांची. गर्दीने जीव नकोसा होतो, तरी मी बघायला जातेच.

१९९२-९३ची दंगल इथले म्हातारे विसरलेले नाहीत. कुणी विसरूही नये. पण ईदला खालच्या चाचांकडून शीरखुर्म्याचा डबा येतो, तो आई कधी रिकामा पाठवत नाही. यंदा दिवाळीत चकल्यांचा एक घाणा त्यांच्या नावाचा.