मैत्रिणीला तीन श्री

॥ श्री श्री श्री ॥

सातारा,
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

प्रिय सखी,

वरचे तीन श्री मोजून लिहिलेत गं. वररुचीच्या नावावर असलेल्या ‘पत्रकौमुदी’त पत्राच्या माथ्यावर कुणासाठी किती श्री घालावेत याचा नेम सांगितलाय. गुरूला सहा, धन्याला पाच, शत्रूला चार, मित्राला तीन, चाकराला दोन, आणि मुलाला नि बायकोला एकेक. शत्रूला चार का, ते मला समजतं. त्याच्याशी मान सांभाळूनच बोलावं लागतं. पण बायकोच्या वाट्याच्या त्या एका श्रीपाशी मी अडकले, ती अजून अडकलेलीच आहे. कारण मुळात श्री हे बाईचंच नाव.

या विचारात मी पडले ती दोन पाकिटांमुळे. दिवाळीत लखनौहून विहीणबाईंनी सुनेला आणि मला वेगवेगळी पत्रं पाठवली. दोन्ही पाकिटांवर ‘श्रीमती’. शेजारच्या काकू बसल्या होत्या, त्यांचा चेहरा उतरला. “अगंबाई, नव्या नवरीला श्रीमती?” सुनेला काही उलगडेना. तिच्या माहेरी लग्न झालेल्या बाईच्या नावामागे मानानं श्रीमती लावतात, नवरे कौतुकानं ‘हमारी श्रीमतीजी’ म्हणतात. आपल्याकडे त्या जागी सौ. येतं, आणि श्रीमती म्हटलं की जुन्या माणसांना गेलेला नवरा आठवतो. ऑफिसांतून हल्ली सगळ्याच बायकांना श्रीमती लिहितात, ते मला आवडतं. पण काकूंच्या कानाला अजून सवय नाही. एकच शब्द, तिला शुभ आणि मला अशुभ, आणि आम्ही दोघी एकाच स्वयंपाकघरात.

त्याच आठवड्यात एका नात्यातल्या लग्नाची पत्रिका आली. त्यावर माझ्या नावामागे ‘गं. भा.’ होतं. हे गेल्याला दीड वर्ष झालं. तेवढ्या दिवसांत सहानुभूतीचे पुष्कळ शब्द ऐकले, पण त्या दोन अक्षरांनी मी रात्रभर जागी राहिले. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं, ते मला ठाऊक आहे. गंगा काय नि भागीरथी काय, दोन्ही पवित्रच. तरी 2023 मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी ‘विधवा’ऐवजी हेच शब्द वापरायचं सुचवलं तेव्हा बायका का चिडल्या होत्या, ते मला त्या रात्री कळलं. नाव कितीही पवित्र ठेवा, ते नवरा नसण्याचंच नाव राहतं.

मग पुस्तकं काढून बसले. शतपथ ब्राह्मणात श्रीची एक कथा आहे, ती तुला सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रजापती सृष्टी निर्माण करता करता तप करून थकला, आणि त्या थकलेल्या देहातून श्री बाहेर आली. तेजानं लखलखत, थरथरत उभी राहिली. देवांनी तिला पाहिलं आणि त्यांच्या मनात आलं, हिला मारून हिचं सगळं घेऊ. प्रजापती म्हणाला, ही बाई आहे, बाईला मारत नाहीत. तिला जिवंत ठेवून तिचं सगळं घेतात. हे वाक्य वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. पुढचं दुसऱ्या दिवशी वाचलं. अग्नीनं तिचं अन्न घेतलं, सोमानं राज्य, इंद्रानं बळ, सरस्वतीनं पुष्टी, त्वष्ट्यानं रूप. एकेकानं असं दहा जणांनी दहा गोष्टी नेल्या.

कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी. याहून वेगळं काय असतं गं? शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये हे सगळं उतरवण्याची चाल बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मी पेपरातलं कात्रण कापून ठेवलं होतं. तेव्हा हे होते. माझ्यावर ती वेळ येईल असं कुठं वाटलं होतं!

पण शतपथातली श्री रडत बसली नाही. माझं घेतलंय, असं तिनं प्रजापतीला सांगितलं. तो म्हणाला, यज्ञ करून त्यांच्याकडे परत माग. तिनं दहाही देवतांना हवी दिला, मागितलं आणि सगळं परत मिळवलं. त्या इष्टीचं नाव मित्रविंदा. जिच्यामुळे मित्र लाभतात ती. तुला लिहायला बसले ती हा शब्द वाचूनच.

एरवी पुरुषांनी श्री हा शब्द किती मिरवलाय ते बघ. विष्णूची श्रीधर, श्रीपती, श्रीनिवास ही नावं तिच्यामुळेच. निदान त्यांत तिचं ऋण उघड दिसतं. नेपाळात राजाला पाच श्री आणि राणा पंतप्रधानांना तीन. 2006 पर्यंत तिथलं सरकार ‘श्री 5 को सरकार’ होतं, मग संसदेनं ते ‘नेपाल सरकार’ केलं. तमिळनाडूत 1967 नंतर श्री आणि श्रीमती जाऊन तिरु आणि तिरुमती आले.

श्रीलंकेचं वाचून मात्र जीव कासावीस झाला. तिथल्या मोटारींच्या पाट्यांवर सिंहली लिपीतलं श्री आलं. तमिळ लोकांनी आपल्या लिपीतलं श्री लावलं. मग एकमेकांच्या अक्षरांवर डांबर फासणं सुरू झालं, आणि 1958 च्या मे महिन्यात भीषण दंगली पेटल्या. दोघांच्याही पाटीवर शब्द तोच, फक्त वळण वेगळं, आणि त्यापायी माणसं मेली. देशाच्या नावात श्री आलं ते त्यानंतर, 1972 साली.

आणि तुमचं मलेशिया! तू ‘तान श्री’ लिहिलं होतंस तेव्हा मला ते कुणाचं तरी नावच वाटलं होतं. ती राजानं दिलेली पदवी, आणि तिच्या मानकऱ्याची बायको पुआन श्री. पण बाईनं स्वतः ती पदवी मिळवली तर ती तान श्री, आणि तिच्या नवऱ्याला काहीच नाही! हे मी सुनेला वाचून दाखवलं, तर ती टाळ्या वाजवायला लागली.

मला सगळ्यात भावली ती जावा आणि बालीची श्री. तिथं ती अजून देवीच आहे, देवी श्री, भाताची देवता. बालीत खाचरात जिथून पाणी शिरतं तिथं बांधावर तिची छोटीशी देवळी असते, तिथं शेतकरी फुलं ठेवतात. अग्नीनं नेलेलं अन्न तिच्याकडे परत आलं ते असं. तू जानेवारीत बालीला जाणार आहेस ना? देवळांच्या गर्दीत फिरण्याआधी एखाद्या खाचराच्या बांधावर थांब, आणि माझ्या वतीनं एक फूल ठेव.

तुला आठवतं, कॉलेजच्या सहलीत आपण श्रवणबेळगोळला गेलो होतो? गोमटेश्वराच्या पायाशी मराठी अक्षरं कोरलेली आहेत, चामुंडरायानं मूर्ती करवल्याची आणि गंगराजानं भोवतीची ओवरी करवल्याची. दोन्ही ओळींची सुरुवात श्रीनंच होते. तेव्हा तू बोटानं ती अक्षरं लांबूनच हवेत गिरवली होतीस आणि मी उन्हाची घाई करत होते. आज वाटतं, थांबायला हवं होतं.

यंदा मी घट मांडलाय. काकूंनी विचारलं, “तू मांडणार?” मी म्हटलं, व्रत लक्ष्मीचं आहे, तिचं नि माझं काही बिनसलेलं नाही. शेवटच्या गुरुवारी उद्यापनाला सात जणींना बोलावणार आहे. त्यातल्या दोघी माझ्यासारख्याच. हळदीकुंकू त्यांनाही देणार, ओटीही भरणार. काकू आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “खिरीचं दूध मी आणते.”

कहाणी वाचून झालीये, सून आत नैवेद्याचं ताट वाढतेय. मघाशी घटावरच्या नारळाला कुंकू लावलं आणि तेच बोट कपाळाला टेकवलं.

तुझीच,
शेजारच्या बाकावरची